दाखला हातात देण्यापूर्वी

(या लेखाचे लेखक आपल्या कारखान्याचे ऊसउत्पादक सभासद आहेत. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील आश्रमशाळांत तीस वर्षे नोकरी करून ते गावी परतले असून सध्या परिसरातील एका शाळेच्या सल्लागार समितीवर काम पाहतात. — संपादक)



ऐन गळीत हंगामात, तोडणी-वाहतुकीच्या धामधुमीत, मी शाळेचा विषय काढतो आहे म्हणून रागावू नका. पण विषय थांबण्यासारखा नाही. गेल्या महिन्यात आपल्या परिसरातल्या एका हायस्कुलात नववीच्या चार मुलांनी पिण्याच्या पाण्याच्या टाकीचे नळ मोडले, टाकी आडवी केली आणि हटकायला आलेल्या शिपायाला नको ते बोलले. दोन दिवस सगळी शाळा घरून बाटल्या भरून आणत होती. समितीची बैठक झाली. पहिलीच सूचना आली, "चौघांचेही दाखले हातात द्या. एकदा अद्दल घडली की बाकीचे सरळ होतील." माना डोलल्या. मी एवढेच म्हणालो, की पंधरा दिवस थांबू या.

का थांबायचे, ते त्या दिवशी मला नीट सांगता आले नाही. म्हणून हा लेख.

चौघांपैकी तिघे आपल्याच सभासदांची मुले आहेत. त्यांचे दाखले दिले तर वडील एक फोन करतील, चार मैलांवरच्या दुसऱ्या शाळेत नाव लागेल, सायकलऐवजी मोटारसायकल मिळेल. चौथा मुलगा ऊसतोड मजुराचा आहे. हंगाम संपल्यावर टोळी गावाकडे गेली, पण हे कुटुंब पोराच्या शाळेसाठी इथेच राहिले. त्याच्या हातात दाखला दिला, की दुसऱ्या दिवशी त्याच हातात कोयता येणार. एकच गुन्हा, एकच शिक्षा, पण तिघांची शाळा बदलते आणि चौथ्याची शाळा संपते. याला सारखा न्याय म्हणायचा का?

सभासदाला एक न्याय, मुलाला दुसरा

आपण सहकारातली माणसे आहोत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यातले ३५ वे कलम आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. एखाद्या सभासदाने संस्थेचे नुकसान केले तरी त्याला चेअरमनच्या एका सहीने काढता येत नाही. त्याच कामासाठी सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी निदान तीन चतुर्थांश सभासदांनी ठराव मंजूर करावा लागतो. त्या सभासदाला आपली बाजू सभेपुढे मांडायची संधी द्यावी लागते. आणि एवढे होऊनही निबंधकाची मान्यता मिळाल्याशिवाय ठराव लागू होत नाही.

हे सगळे कशासाठी? तर सभासदत्व गेले की माणसाचा आधार जातो, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते म्हणून. मग चौदा-पंधरा वर्षांच्या पोराची शाळा जाते तेव्हा त्याचा आधार जात नाही काय? त्याला तर आपण "तू हे का केलेस?" एवढेही विचारले नव्हते.

शिक्षेची बदली

मी हे शहाणपण जन्मतः घेऊन आलेलो नाही. १९८८ साली माझी नेमणूक गडचिरोली जिल्ह्यात झाली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा. आपल्याकडे तेव्हा तिकडची नेमणूक म्हणजे शिक्षाच समजत. वडिलांना गावात लोक विचारत, "मास्तरांनी असा काय गुन्हा केला हो?"

पहिली काही वर्षे मी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला होतो. आलापल्लीपासून भामरागडाकडे जाणारा रस्ता घनदाट रानातून जातो. भामरागडला पर्लकोटा, इंद्रावती आणि पामुलगौतमी या तीन नद्या एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढले की पलीकडच्या गावांचा संबंध तुटतो. असल्या मुलखात मूल आश्रमशाळेत येते ते रानवाट तुडवत, आई-बापाला सोडून. त्याची बोली माडिया, आमची मराठी. प्रश्नाला उत्तर आले नाही तर आम्ही म्हणायचो, पोरगे उर्मट आहे. त्याला प्रश्नच कळलेला नसे.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडू लागली की वर्ग ओस पडत. मेमध्ये तेंदूपत्ता. घरची निम्मी रोकड त्या दोन महिन्यांत उभी राही. आम्ही मात्र गैरहजेरीचे शेरे मारत होतो आणि ठरावीक दिवस झाले की पटावरून नाव कमी करत होतो. मोठ्या आवाजात कोणी "काढून टाकले" म्हणत नसे. पण होत होते तेच.

१९९३ च्या श्रावणातली गोष्ट. सातवीतल्या एका मुलाने एका शिक्षकाच्या पेटीतून साठ रुपये घेतले. पैसे त्याच्याजवळ सापडले, थोडे खर्च झाले होते. मी तेव्हा वसतिगृहाचा अधीक्षक होतो. बापाला निरोप धाडला. झडीच्या पावसात तो चालत आला. पाचवीतले एक पोर दुभाष्या म्हणून मध्ये उभे केले. बापाने कंबरेची पिशवी सोडली, नाणी-नोटा मोजून पुढे ठेवल्या आणि म्हणाला, नुकसान भरून देतो, पोराला राहू द्या. मी म्हणालो, प्रश्न पैशाचा नाही, शिस्तीचा आहे. पैसे परत केले आणि दाखला दिला.

तो मुलगा पुन्हा कुठल्याच शाळेत गेला नाही. त्याने पैसे का घेतले होते, हे मला आजही माहीत नाही. कारण मी विचारलेच नव्हते.

त्या बापाचे म्हणणे मला पुढे कळले. त्याच्या गावात कोणी चूक केली की चार वडीलधारी बसतात, झाले ते सगळ्यांदेखत बोलले जाते, नुकसान भरून दिले जाते आणि मग सगळे एकत्र जेवतात. जेवण झाले की विषय संपला. माणूस पुन्हा गावाचा. त्याने शहाणपणाचा मार्ग माझ्यापुढे नाणी मोजून ठेवला होता. मीच तो उचलला नाही.

पळणाऱ्या मुलांना परत आणणारी शाळा

त्याच भागात हेमलकसा आहे. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथेच राहिले. १९७६ साली शाळा निघाली. सुरुवातीला मुले शाळेतून पळून जात. चार भिंतींची सवय नाही, भाषा परकी, घरची आठवण. आमच्या हिशेबाने ही सगळी बेशिस्त मुले, नावे कमी करण्याच्या लायकीची. तिथल्या कार्यकर्त्यांनी मात्र त्यांना पुन्हा पुन्हा परत आणले. ज्या समाजातून पूर्वी कोणी पाटीला हात लावला नव्हता, त्या माडिया समाजातून पुढे याच शाळेचे विद्यार्थी डॉक्टर झाले, वकील झाले, शिक्षक होऊन परत आले. पळालेल्यांची नावे पहिल्याच वर्षी खोडली असती तर ही यादी झाली नसती.

चिंचेखालची बैठक

पुढे माझी बदली जिल्ह्याच्या उत्तरेकडे झाली. त्याच बाजूला, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव आहे. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. २००९ साली या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मला तिथली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटली. त्या ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही. सगळ्यांचे एकमत व्हावे लागते. एक जण जरी अडला तरी विषय पुढच्या सभेत. वेळ लागतो, पण झालेला निर्णय मोडायला कोणी उरत नाही, कारण तो प्रत्येकाचा असतो.

आमच्या शाळेत २००६ च्या सुमारास नववीची अकरा मुले वसतिगृहामागे खर्रा खाताना सापडली. आपल्याकडे गुटखा-मावा, तसा तिकडे खर्रा. सुपारी, सुगंधी तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घालून घोटायचा. शाळेची वहिवाट अशी, की आठ दिवस घरी धाडायचे. मी कागद लिहायला घेतला. आमच्या स्वयंपाकीणबाई, मुले त्यांना आजी म्हणत, दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, पोट्ट्यायले घरी धाडून का होते जी? घरी बाप खर्रा खाते, ठेल्यावाला उधारीत देते. तुमी त त्यायले ठेल्याच्याच दारात नेऊन सोडता."

मी पेन खाली ठेवले.

रविवारी शाळेच्या अंगणात चिंचेखाली बसलो. अकरा मुले, त्यांचे आई-बाप, गावातले पाच वडीलधारे, आजी, आणि निरोप देऊन बोलावलेला पानठेलेवालाही. गोल बसलो, खुर्ची कोणालाच नाही. प्रत्येक मुलाला तीनच प्रश्न: काय झाले? याचा त्रास कोणाला झाला? आता नीट कसे करायचे? पहिल्या मुलाने बोलायला पाव तास घेतला. मग पोरे बोलू लागली. दोघांनी सांगितले, की रात्री भूक लागते, खर्रा खाल्ला की भूक मरते. ते ऐकून मान खाली घालायची पाळी आमची होती. दहावीतल्या एका मुलीने सांगितले, की हे पिचकाऱ्या मारतात आणि भिंत आम्हाला धुवावी लागते.

दोन तासांनी ठरले ते असे. मुले महिनाभर रोज भिंत आणि मागचे अंगण धुतील, आणि शिक्षकही त्यांच्याबरोबर हात लावतील. ठेलेवाला विद्यार्थ्यांना विकणार नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे, हेही त्याला समजावले. रात्रीच्या जेवणात भात वाढेल. आणि अकरा जणांपैकी प्रत्येकाकडे एक शिक्षक लक्ष देईल, आठवड्यातून एकदा बोलेल.

सगळे सोन्यासारखे झाले असे सांगणार नाही. दोघांचा खर्रा सुटला नाही. एक जण दिवाळीनंतर परत आलाच नाही. पण दहा मुले दहावीच्या परीक्षेला बसली. माझ्या आधीच्या हिशेबात अकराच्या अकरा आठ दिवस घरी गेली असती, आणि त्यातली किती परतली असती, हे तिकडे नोकरी केलेला कोणीही सांगेल.

कायदा काय म्हणतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचे १६ वे कलम सांगते, की प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. २०१९ साली या कलमात दुरुस्ती होऊन पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली. पण काढून टाकण्याची बंदी तशीच आहे. १७ वे कलम मारहाण आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करते. तेव्हा "दाखला नको तर छडी चालवा" हाही रस्ता बंद आहे.

पण आपली चार मुले नववीत आहेत. तिथे हा कायदा आपला हात धरत नाही. म्हणूनच सगळी जबाबदारी आपल्यावर येते.

आणखी एक कायदा आठवा. जातपंचायतींनी माणसांना वाळीत टाकू नये म्हणून आपल्या विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो २०१७ पासून लागू झाला. वाळीत टाकणे म्हणजे काय, तर गावात राहायचे पण गावाचे नसायचे. शाळेच्या वयाच्या मुलाने शाळेच्या कुंपणाबाहेर उभे राहून मधल्या सुट्टीची घंटा ऐकायची, हे त्याहून फार वेगळे आहे असे मला वाटत नाही. आणि हेही खरे, की गावपंचांची बैठक नेहमीच मायेची नसते. तीच बैठक माणसाला वाळीतही टाकू शकते. बैठकीचा हेतू काय, यावर सगळे अवलंबून आहे. चूक करणाऱ्याला परत आत घ्यायला आपण बसलो आहोत, हे पहिल्याच वाक्यात सांगितले पाहिजे.

बाहेरच्या जगातही तेच

न्यूझीलंडने १९८९ साली कायदा करून गुन्हा केलेल्या मुलांसाठी कुटुंबाची बैठक सुरू केली. मूल, त्याचे नातेवाईक, ज्याचे नुकसान झाले तो आणि पोलीस एकत्र बसतात. ही रीत तिथल्या मूळ रहिवाशांच्या, माओरींच्या, परंपरेवरून घेतली. १९९४ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ती शाळेत वापरली गेली. त्याच वर्षी अमेरिकेने उलटी वाट धरली. शाळेत बंदूक आणणाऱ्याला वर्षभर काढण्याचा कायदा झाला आणि त्याच कडकपणाने पुढे किरकोळ भांडणांतही मुले घरी बसवली जाऊ लागली. तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने नेमलेल्या अभ्यासगटाने २००८ साली निष्कर्ष छापला: अशा काढून टाकण्याने शाळा अधिक सुरक्षित झाल्याचा पुरावा मिळत नाही. एवढे मोठे राष्ट्र चौदा वर्षांनी जिथे पोचले, तिथे आमच्या आजी दारात उभ्या होत्या.

"मग धाकच राहणार नाही!"

हा आक्षेप येणार, आणि तो खोटा नाही. शिपायाला शिवी खावी लागली, त्याचे काय? पण बघा, दाखला दिला तर त्या शिपायाला काय मिळते? पोरे निघून जातात, त्याची माफी कोणी मागत नाही, टाकी समितीच्या खर्चाने येते. ज्याचे नुकसान झाले त्याच्या डोळ्यांत बघून बोलायचे, हे काम दाखला घेऊन घरी जाण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. चिंचेखाली पाव तास गप्प बसलेला तो मुलगा मी पाहिला आहे.

मर्यादाही सांगतो. कोणी शस्त्र आणले, कोणाच्या जिवाला धोका झाला, तर आधी इतर मुलांचे रक्षण. मुलीची छेड किंवा लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावेच लागते. तिथे गाव बसवून मिटवामिटवी करणे हाच गुन्हा ठरेल, आणि त्या मुलीला समोरासमोर बसायला लावणे तर मुळीच नाही. बैठकीचा मार्ग बाकीच्या रोजच्या चुकांसाठी आहे: मोडतोड, मारामारी, चोरी, तंबाखू, दांडी, उलट बोलणे. आणि दाखले हातात जातात ते बहुतेक याच चुकांपायी.

कर्मवीर भाऊराव पाटलांचे उदाहरण आपल्या भागात सर्वांना माहीत आहे. कोल्हापूरला जैन बोर्डिंगात असताना ते अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले, परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हायला नकार दिला, आणि त्यांना बोर्डिंगातून काढण्यात आले. त्यांची तर चूकही नव्हती. पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. पण त्यांना शाहू महाराजांचा आश्रय मिळाला होता. आपल्या चौथ्या मुलाला कोण आहे?

तर मग करायचे काय

समितीपुढे मी पुढील गोष्टी ठेवणार आहे.

१) चौघांना वेगवेगळे बोलावून आधी ऐकून घ्यावे. ऐकणारा शिक्षक त्यांच्यावर चिडलेला नसावा.

२) मग एक बैठक. मुले, त्यांचे आई आणि वडील दोघेही, तो शिपाई, दोन विद्यार्थी आणि समितीचे दोन सदस्य. शिपाई तयार असेल तरच.

३) टाकी मुलांनी प्लंबरच्या हाताखाली राहून बसवावी. खर्चाचा वाटा श्रमाने फेडावा. बापाने नोट काढून दिली म्हणजे फिटले असे नको. नाहीतर तिघे पैसे भरतील आणि चौथा पुन्हा मागे राहील.

४) काही दिवस वर्गाबाहेर ठेवणे भागच पडले, तर ते शाळेतच, ग्रंथालयात, अभ्यास देऊन. रस्त्यावर नको.

५) प्रत्येकामागे एक शिक्षक, वर्षअखेरपर्यंत.

६) आणि ठरल्याप्रमाणे सगळे झाले, की त्या गोष्टीचा उल्लेख पुन्हा कोणी करायचा नाही. वार्षिक संमेलनातही नाही, दाखल्याच्या शेऱ्यातही नाही.

याला वेळ लागतो, हे खरे. दाखला पाच मिनिटांत लिहून होतो. पण आपण शेतकरी आहोत. वाऱ्या-पावसाने ऊस लोळला म्हणून आपण तो उपटून बांधावर फेकत नाही. तोडणीला त्रास होतो, टोळीवाले कुरकुर करतात, उतारा थोडा कमी पडतो. तरी तो कारखान्यात जातोच.

समितीची बैठक येत्या शनिवारी दुपारी चार वाजता शाळेतच आहे. पालक-सभासदांना बसायला परवानगी आहे. ज्यांना माझे पटत नाही त्यांनी तर जरूर यावे. एकमत व्हायला तेच हवेत. चौथ्या मुलाच्या वडिलांना मी स्वतः निरोप दिला आहे. ते म्हणाले, "गुरुजी, नुकसान किती झालं ते सांगा, मी भरून देतो."

या वेळी मी त्यांना बसायला सांगितले.